स्टिल एमएस 180 : लहान बागेचा चेनसॉ, आणि तो जपायचा कसा

आंबा-काजूची बाग, बांधावरची बाभूळ, वाऱ्याने वाटेवर आडवी झालेली फांदी आणि घरचं सरपण, एवढंच काम असेल तर स्टिलचा एमएस 180 घ्यावा. त्याहून मोठं मशीन घेऊन हात दुखवून घेऊ नयेत. मात्र जुने सागाचे बुंधे किंवा दीड-दोन फुटी आंबे रोज आडवे करायचे असतील तर तिथे हा कमी पडतो. इंजिन 31.8 सीसीचं, वजन बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी), चेन आणि पेट्रोल सोडून चार किलोच्या आसपास. 14 इंची (35 सेंमी) बारवर फूटभर जाडीचं लाकूड तो न अडखळता कापतो. 16 इंची बारही बसतो, पण वाळक्या बाभळीत तो पूर्ण रुतला की चेन मंदावते आणि क्लच तापतो. त्यामुळे 14 इंचीच बरा.

आपल्याकडे याची तुलना होते ती 58 सीसी आणि 22 इंची बारच्या, जागोजागी मिळणाऱ्या स्वस्त मशीनशी. कागदावर ते मशीन जवळपास दुप्पट दिसतं. पण फांद्या छाटताना दिवसभर हातात काय पेलतं याचा विचार केला तर एमएस 180च उजवा ठरतो. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. हा झाडावर चढून वापरायचा चेनसॉ नाही. त्याची मूठ मागे असते आणि तो दोन्ही हातांनीच धरावा लागतो. कोकणात तो दोराने वर ओढून घेऊन, एका हाताने फांदी धरून कापणारे लोक सर्रास दिसतात. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की झटका थेट तोंडाकडे येतो, आणि चेन ब्रेक (झटका आला की चेन थांबवणारा) असला तरी एका हातात मशीन सांभाळता येत नाही. चढून काम करायचं तर वरच्या मुठीचं वेगळं मशीन, कमरेचा हार्नेस आणि शिकलेला माणूस हवा.

आता पेट्रोल, कारण ही मशीन सगळ्यात जास्त तिथेच मरतात. मिश्रण 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली आणि पाच लिटरला 100 मिली टू-स्ट्रोक ऑइल. ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं, जासो एफडी (डब्यावर JASO FD लिहिलेल्या) दर्जाचं घ्या. बंदरावरच्या दुकानात होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑइल सहज मिळतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, चेनसॉमध्ये ते घालू नये. ऑइल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं हाही गैरसमज आहे. त्याने प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते.

खरी अडचण इथेनॉलची आहे. पंपावरचं साधं पेट्रोल आता बहुतेक ठिकाणी ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं असतं. हाताने जुळवणी करायच्या कार्बोरेटरच्या मशीनमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको, असं कंपनीच सांगते. मिश्रण आपोआप जुळवून घेणारी एम-ट्रॉनिक यंत्रणा महागड्या मॉडेलमध्ये असते, एमएस 180 मध्ये ती नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जून-जुलैच्या दमट हवेत कॅन अर्धवट भरून ठेवला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाचंच ओढतो. म्हणजे इंजिनाला जवळजवळ बिनऑइलचं पाणी मिळतं, पिस्टनवर उभ्या रेघा पडतात आणि कॉम्प्रेशन जातं.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरीच पाहता येतं. 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि त्यावर 90 मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं उभं ठेवा. खालचा थर दहावरच राहिला तर पेट्रोल बिनइथेनॉलचं आहे. तो पंचविशीच्या वर गेला तर ई20. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घ्यायच्या आधीही हीच परीक्षा करा, नाव पाहून विश्वास ठेवू नका. बिनइथेनॉलचं मिळालंच नाही तर एका वेळी लिटरभरच मिश्रण करा आणि पंधरा दिवसांत संपवा. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकलं तर आतला पातळ पडदा कडक होतो, आणि पुढच्या वेळी मशीन चोक दिल्यावर क्षणभर पेटून बंद पडतं.

चेन-बारला वंगण देणाऱ्या ऑइलच्या टाकीत जळकं इंजिन ऑइल घालायची सवय तर मोडायलाच हवी. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि ते अंगावर उडतं, त्वचेलाही घातक आहे. चेनचं ऑइल मुद्दाम चिकट केलेलं असतं, त्यामुळे ते बारच्या टोकाला फेकलं न जाता चेनला धरून राहतं. अडचणीच्या वेळी नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल चालेल. पेट्रोल भरताना दर वेळी ऑइलही भरा. पेट्रोल संपलं आणि ऑइलची टाकी तशीच भरलेली दिसली तर काम थांबवा. मशीन चालू करून बारचं टोक कोरड्या ओंडक्यासमोर वीतभर धरा आणि रेस द्या. लाकडावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर आधी बार काढून खाचेतला आणि ऑइलच्या भोकातला भुशाचा चिखल साफ करा. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच निघतो.

दुसरी शक्यता क्लच-ड्रमची, म्हणजे इंजिनाची ताकद चेनला पोचवणाऱ्या ड्रमची. ऑइल पंप ड्रमवरून फिरतो, त्यामुळे चेन थांबली की ऑइलही थांबतं. ड्रम काढायला सोपा आहे. चेन ब्रेक सोडायचा, ई आकाराची क्लिप स्क्रूड्रायव्हरने काढायची, मग वॉशर, ड्रम आणि सुयांची बेअरिंग बाहेर येते. परत बसवताना ड्रमच्या कडेच्या खाचेत पंपाच्या तारेचं टोक बसलंच पाहिजे. ड्रम हलका दाबून एक फेरी फिरवला की ते खटकन बसतं. घाईत हे राहून गेलं तर मशीन छान चालतं, पण ऑइल येत नाही आणि बार जळून निळा पडतो. ड्रमवरच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खुणा पडल्या किंवा दोन चेन झिजल्या की ड्रम बदला. झिजल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते.

चेन घेताना नीट पाहा. याला 3/8 इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीची) चेन लागते, 35 सेंमी बारला खाचेत फिरणाऱ्या 50 कड्यांची. पण बार दोन जाडीच्या खाचांचे येतात, 1.1 आणि 1.3 मिमी. आकडा बारच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. 1.3ची चेन 1.1च्या बारमध्ये जातच नाही, हे बरंच. 1.1ची चेन 1.3च्या बारमध्ये जाते आणि कलते, मग काप वाकडा जातो आणि दोष धारेवर ढकलला जातो.

धार लावायला 4 मिमीची गोल कानस. 58 सीसीच्या मशीनची 4.8ची कानस यात वापरणारे खूप आहेत. तिने दाताचं टोक वर राहतं आणि धार पोटात बसत नाही. कानस दाताच्या आतून बाहेर, 30 अंशांत, फक्त पुढे जाताना दाबायची आणि परत आणताना उचलायची. आधी सगळ्यात झिजलेला दात शोधा, तो घासून घ्या आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दात लांब राहिले तर चेन लाकडात कमानीसारखी वळते. प्रत्येक दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. दात घासत गेलं की हा फरक कमी होतो, म्हणून तीन-चार धारांनंतर गेज ठेवून सपाट कानशीने तो उतरवा. जास्त उतरवला तर मशीन हिसके देतं आणि झटक्याचा धोका वाढतो.

चेनची धार गेली हे भुशावरून कळतं. चांगल्या धारेची चेन जाड किसासारखा भुसा काढते, बोथट चेन पीठ काढते. पीठ दिसलं की मशीन दाबू नका, थांबून कानस मारा. ओढ्यातून आलेल्या, वाळू चिकटलेल्या ओंडक्याची साल आधी कोयत्याने काढा, नाहीतर एकाच कापात धार जाईल. नारळाचा बुंधा बाहेरून फार कठीण आणि तंतुमय असतो. तिथे धार लवकर जातेच, शिवाय स्प्रॉकेटच्या झाकणात काथ्या गुंडाळला जातो. म्हणून मधे मधे मशीन बंद करून झाकण उघडा.

चेनचा ताण ठेवताना नट सैल करून बारचं टोक वर उचलून धरा, बाजूच्या स्क्रूने ताणा आणि मग नट आवळा. चेन खालून बारला टेकलेली असावी आणि ब्रेक सोडल्यावर हाताने ओढली गेली पाहिजे. गरम चेन ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा. थंड होताना ती आखडते आणि क्रँकशाफ्टवर ताण येतो. दर धारेला बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. खाच 5 मिमीपेक्षा उथळ झाली की बार बदला.

बाकी देखभाल थोडी आहे. एअर फिल्टर रोज काढून आतून बाहेर हवेने फुंकायचा, प्लगची फट 0.5 मिमी ठेवायची. आयडलला, म्हणजे रेस न देताही, चेन फिरत असेल तर एलए खुणेचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवायचा. मशीन लवकर चालू होत नसेल तर बहुतेक वेळा चोक जास्त ओढून पेट्रोल चढलेलं असतं. प्लग काढून पुसा, दोरी दोन-तीनदा ओढा आणि मग चोकशिवाय सुरू करा.

या मशीनची एक उणीव मात्र मनाला लागते. इंजिन दोन फाकांत जुळवलेलं असल्यामुळे सिलिंडर बदलायचा तरी अख्खं इंजिन बाहेर काढून, सील लावून पुन्हा बसवावं लागतं. मजुरी धरली तर नव्या मशीनच्या किमतीचा बराच वाटा त्यातच जातो. म्हणून जुना एमएस 180 घेताना सायलेन्सर उतरवून भोकातून पिस्टन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पिस्टनवर उभ्या खरचटलेल्या रेघा असतील तर किंमत कितीही कमी सांगितली तरी सोडून द्या. पिस्टन गुळगुळीत, दोरी ओढताना चांगला जोर लागतो आणि ब्रेकचा खटका एका टिचकीत पडतो, असं असेल तर मशीन बिनघोर घ्या, आणि पहिल्याच दिवशी नवीन चेन, टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि प्लग बदलून टाका.