तीन दिवसांची इमर्जन्सी बॅग: वर्षभर कपाटावर ठेवून मग लिहिलेला रिव्ह्यू

संकटात वीज-पाणी बंद पडलं तर तीन दिवस काढायला म्हणून सामान भरूनच मिळणाऱ्या या बॅगांचे रिव्ह्यू वाचलेत का कधी, सगळे पाच स्टार, आणि सगळे बॅग घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले. साहजिकच आहे, दुसऱ्या दिवशी सगळं चकाचकच असतं. मीही तेव्हा पाचच दिले असते, आळसामुळे लिहायचं राहिलं ते बरं झालं. मागच्या वर्षी थंडी संपता संपता घेतलेली ही लाल बॅग, "2 माणसं, 3 दिवस" असं वर छापलेलं, एकदा उघडून सगळ्या वस्तू गादीवर मांडून फोटो काढला, टॉर्च लावून बघितली, परत भरली आणि कपाटावर. त्यानंतर थेट परवा, पांघरुणं उन्हात घालून वर ठेवायला गेले तेव्हा हाताला लागली. कंपनीचं नाव टाकत नाही, अशा बॅगा पाचपन्नास नावांनी मिळतात आणि आतला माल फोटोत तरी सगळीकडे सारखाच दिसतो.

पहिला धक्का टॉर्चचा. बटण दाबलं, काही नाही. मागचं झाकण फिरवता फिरेना, जोर लावून उघडलं तर सेल फुटून सगळीकडे पांढरी भुकटी. अल्कलाइन सेल आत तसेच पडून राहिले की कधीतरी गळतात, आतून क्षार बाहेर येतो आणि तो धातू खातो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसलं तर भुकटी निघाली (हातमोजे घालून करा, मी नव्हते घातले, बोटं चुरचुरली) पण आतली स्प्रिंग अर्धी खाल्लेली होती ती काही परत आली नाही. आता यात दोष बॅगवाल्याचा किती? खरं सांगायचं तर माझाच. येताना सेल आणि टॉर्चच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी होती, ती मी फोटोच्या नादात ओढून काढली आणि नंतर सेल बाहेर काढून ठेवायची अक्कल नाही झाली. पण माहितीपुस्तिकेत यावर एक ओळ टाकायला काय जात होतं, चोवीस पानांची आहे ती आणि त्यातली निम्मी पानं कंपनीच्याच दुसऱ्या बॅगांच्या जाहिरातीची.

रेडिओ मात्र मला आवडलाय, त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. हाताने दांडा फिरवायचा, वर छोटी सोलर पट्टी, एफएम एएम दोन्ही, पुढे एलईडी. चावी देऊन चालणाऱ्या रेडिओची आयडिया ट्रेव्हर बेलिस नावाच्या ब्रिटिश माणसाची, 1991 ची, त्याच्यात घड्याळासारखी चावी द्यायची आणि स्प्रिंग सुटता सुटता वीज तयार करायची. हल्लीच्यांमध्ये तसली स्प्रिंग नसते, छोटा डायनॅमो आणि एक लिथियम बॅटरी. बॅटरी वर्षभरात पूर्ण उतरलेली होती, दिवासुद्धा लागेना, मला वाटलं गेला हा पण, पण दोनतीन मिनिटं फिरवला आणि खरखर करत बोलायला लागला, घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एएम लावलं की नुसता घरघर आवाज येत असेल तर रेडिओ आडवा उभा फिरवून बघा, एएमची अँटेना आत असते, बाहेरची लांब काडी फक्त एफएमसाठी. आणि जवळचा एलईडी बल्ब किंवा चार्जर बंद केला की निम्मी घरघर जाते.

पण खोक्यावर "मोबाईल चार्ज करा" लिहिलंय ते विसरा. आतली बॅटरी 2000 एमएएच, म्हणजे साडेसात वॉट-तासाच्या आतच. हाताने फिरवून फार तर दोन वॉट धरले तरी ती पूर्ण भरायला जवळपास चार तास दांडा मारायला लागेल, आणि फोनची बॅटरी तिच्या दुपटीहून मोठी. कोणाला जिम परवडत नसेल तर ठीक आहे. सोलर पट्टी तळहातापेक्षा लहान, भर उन्हात अर्धा पाऊण वॉट दिला तरी खूप, आणि आपण ठेवणार खिडकीच्या काचेमागे. शिवाय तापलेल्या खिडकीत लिथियम बॅटरी दिवस दिवस ठेवणं मला तरी पटत नाही. त्यामुळे पॉवर बँक वेगळी घ्या, आणि घेताना मोठ्या अक्षरातला आकडा बघू नका, मागे बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, 10000 वालीतून फोनला साधारण सहासाडेसहा हजारच मिळतात. दर दोनतीन महिन्यांनी चार्जिंगला लावायची. आमच्याकडे ती बॅगेत न ठेवता रोजच्या वापरात ठेवलीये, म्हणजे उतरलेली लगेच कळते.

पाणी. इथे मला खरंच राग आला. 125 मिलीच्या 12 पिशव्या. करा हिशोब, दीड लिटर, दोन माणसं तीन दिवस म्हणजे माणशी दिवसाला 250 मिली, एक फुलपात्र. नेहमी सांगतात ते पिणं आणि बाकी गरजा धरून माणशी दिवसाला 4 लिटरच्या आसपास. आम्ही चौघं, तीन दिवस, म्हणजे 48 लिटर, हे कुठल्याच बॅगेत मावणार नाही हे मान्य, 48 किलो उचलणार कोण. मग "3 दिवस" छापू नका ना. खायच्या वड्यांचंही तेच, पाकिटावर 3600 कॅलरी, भागिले दोन माणसं भागिले तीन दिवस, 600. (चव: गोड भुसा. पोरीला आवडली, तिला काहीही आवडतं.) शेवटी आम्ही झाकणाच्या मोठ्या बाटल्या भरून पलंगाखाली ठेवल्या, वर तारखेची चिकटपट्टी, सहा महिन्यांनी बदलायच्या. आणि गीझरच्या टाकीत पाणी असतंच, मेन बंद करून, गार होऊ देऊन, खालून काढता येतं, हे आमच्या ह्यांना पन्नाशीत कळलं.

चकचकीत कागदासारखं ब्लँकेट चांगलंय, काही खराब झालेलं नाही. पातळ प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा थर, नासाने 1964 मध्ये अंतराळातल्या कामासाठी काढलेला प्रकार. फक्त आवाज इतका करतं की पांघरून झोपणाऱ्यापेक्षा शेजारचा जास्त जागा राहतो. फर्स्ट एडमधले ओले वाइप्स वाळून कागद झालेले, पट्ट्या चिकटत नाहीत, कात्रीने कापूससुद्धा कापला जात नाही. घडीची छोटी शेगडी आणि जळणाच्या वड्या आहेत त्या मी सरळ बाहेर काढल्या, बंद खोलीत असलं काही पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि ही सूचना पुस्तिकेत जाहिरातींच्या मागे बारीक अक्षरात.

सामान बघून झाल्यावर पोरीचीच आयडिया, आई आज मेन स्विच बंद करूया ना. बाहेर मस्त हवा होती, खिडक्या उघड्या, खाली पोरं खेळतायत, म्हणलं चला. सात ते साडेदहा. पहिल्या वीस मिनिटांत कळलं की काळोखात बॅगेची चेनच सापडत नाही, काळी चेन लाल कापडावर. पोरीने सवयीने पाच वेळा फ्रीज उघडला, बंद ठेवला तर चार तास गारवा टिकतो हे तिला पाचव्यांदा सांगितलं. ह्यांनी दांडा फिरवत फिरवत बातम्या ऐकल्या. आणि सासूबाई गप्प बसून सगळं बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हे सगळं खरं, पण माझ्या बीपीच्या गोळ्या कुठायत यात? आणि चष्मा?" मी म्हणलं, "आई, ते आपल्याला घालायला लागेल." "मग हे तीन दिवस कोणाचे?" यावर मी काय बोलणार.

आता त्यात आठवड्याच्या गोळ्या, त्यांचा जुना चष्मा, कागदांच्या झेरॉक्स, सुटे पैसे, कागदावर हाताने लिहिलेले पाच फोन नंबर (फोन बंद पडला तर मला नवऱ्याचाही नंबर पाठ नाही, लाज वाटली), नवीन टॉर्च, सेल वेगळ्या पिशवीत. चेनला पांढरी दोरी बांधलीये. बॅग कपाटावरून उतरून दाराजवळच्या खुंटीवर आलीये, दिसायला वाईट दिसते, दिसू दे.

घ्यावी का? रिकामी बॅग आणि रेडिओ वेगवेगळे मिळत असतील तर ते घ्या, बाकीचं घरातून भरा. भेट म्हणून कोणाला द्यायची असेल तर अख्खी घ्या, पण देताना सेल काढून द्या. माझ्याकडून अडीच स्टार, त्यातले दोन रेडिओचे. उरलेला अर्धा शिट्टीचा, तीन वेळा वाजवली की मदत हवी असा अर्थ असतो असं त्या पुस्तिकेत आहे, पोरीने ते वाचलं आणि तेव्हापासून ती शिट्टी खाली मॅचच्या रेफरीकडे आहे. वर्षभरात या बॅगेतली रोज वापरली जाणारी ती एकच वस्तू, बॅगेसाठी दुसरी मागवलीये.