परदेशातून जीन मागवायची सर्व्हिस: कंपनी चांगली, मधला डिस्ट्रिब्युटर नाही

आमचं काम परभणीकडं, करडईच्या तेलावर. त्यासाठी एरंडाचा एफएएच12 जीन पाहिजे होता, एरंडाच्या बीत रिसिनोलिक ॲसिड तयार होतं ते याच्यामुळंच. बियांतून काढत बसण्यापेक्षा सिंथेटिक मागवलेला बरा, कोडॉन (डीएनएमधली तीन-तीन अक्षरांची जोडणी) करडईला जमतील तसे बदलून मिळतात, म्हणून परदेशी कंपनीला ऑर्डर दिली, मध्ये इथला डिस्ट्रिब्युटर. दोघांचीही नावं देत नाही, सर्व्हिस कशी असती तेवढं सांगतो.

वेबसाइटवर जीनचा सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) पेस्ट केला, बाराशेच्या आसपास बेस, म्हणजे अक्षरं, रेट लगेच दिसला. पैसे भरले आणि ऑर्डर होल्डवर. मेल आला की जीन एरंडाचा आहे, वापर काय, वापरणार कोण, संस्था कोणती, सगळं लिहून द्या. लॅबमधली पोरं म्हणाली उगं तरास द्यायलेत. मला तर उलट बरं वाटलं, कारण त्याच एरंडाच्या बीत रायसिन असतं, रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या शेड्यूल 1 मधलं विष, आणि ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या (असल्या वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा गट) यादीत नुसतं विषच नाही तर ते बनवणारा डीएनए पण येतो, मशीनवर बनवलेला असला तरी. आपला जीन वेगळा आहे हे त्यांच्या सॉफ्टवेअरला कळतंच, सहाही रीडिंग फ्रेम (डीएनए वाचायच्या सहा पद्धती) काढून धोक्याच्या जीनशी जुळवून बघतात, पण शेवटी माणसानं नजर टाकलेली कधीही चांगली. कॅनडात अशाच मागवलेल्या तुकड्यांतून हॉर्सपॉक्सचा (देवीच्या रोगाच्या जातीतला, घोड्यांचा) अख्खा व्हायरस उभा केला, 2018 ला पेपर पण आला. सिक्वेन्स तर जेनबँकवर (जीनची माहिती ठेवणारी ऑनलाइन साठवण) कुणालाही फुकट दिसतो, त्याला कोण अडवणार, म्हणून डीएनए बनवून देणारी कंपनी हाच खरा नाका आहे. आणि ही तपासणी कंपन्यांनी 2009 मध्ये आपणहून एकत्र येऊन सुरू केलेली, सगळ्याच कंपन्या त्यात नाहीत, त्यामुळं स्वस्त बघून कुठंही ऑर्डर टाकू नका.

आता डिस्ट्रिब्युटर. यानं एंड यूजरच्या रकान्यात स्वतःच्याच फर्मचं नाव टाकलं! फॉर्म परत. तिथं जीन वापरणाऱ्या लॅबचं नाव लागतं, माल कुणाच्या हातून येतो त्याचं नाही. वर आम्हालाच सांगतो कंपनी लई किचकट आहे म्हणून. शेवटी लेटरहेडवर आमचं पत्र आणि संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची (जैविक सुरक्षा बघणारी) मंजुरी जोडून मीच थेट कंपनीला मेल केला, त्यांच्या बाईंनी व्यवस्थित उत्तर दिलं, ऑर्डर सुटली.

माल एक नंबर. डीएनए सुकवून पाठवतात, म्हणून बर्फ नाही लागत, आपल्या उन्हाळ्यात कुरियर दोन दिवस पडून राहिलं तरी काळजी नाही. ट्यूब रिकामीच दिसती, घाबरू नका, आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा मगच झाकण उघडा, नाहीतर झाकणाला चिकटलेला डीएनए उडून जातो. सिक्वेन्सिंग करून बघितलं, एक बेस सुद्धा इकडचा तिकडं नाही.

कंपनीला पाचपैकी पाच, डिस्ट्रिब्युटरला एक. ऑर्डर टाकायच्या आधीच संस्थेचं पत्र, कमिटीची मंजुरी आणि वापराबद्दल चार ओळी तयार ठेवा. आणि हो, पुढं हा जीन बसवलेला प्लाझमिड (डीएनएचं छोटं गोल कडं) बाहेरच्या देशातल्या कुणाला पाठवायचा असला तर आपल्याकडची स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची) बघूनच पाठवा, भारत 2018 पासून ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये आहे आणि यादीतल्या असल्या वस्तूला डीजीएफटीचा (केंद्राचं परदेशी व्यापार खातं) परवाना लागतो.