पालिकेच्या पोहण्याच्या टँकवरची उन्हाळी शिकाऊ बॅच: शिकवणारीने लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, मी ज्या टँकवर शिकवते त्याचाच हा रिव्ह्यू आहे आणि मला तिथून मानधन मिळतं. सकाळी 6 ते साडेआठ, उन्हाळ्यात दुपारची बायकांची बॅच पण, बाकी दिवसभर माझी वेगळी नोकरी आहे. गावाचं आणि टँकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या कुणा एका माणसावर जाऊन बसू नयेत. दर एप्रिलला ओळखीतले दहा-पंधरा जण तरी फोन करतात की पोराला पालिकेच्या टँकवर घालू का क्लबमध्ये, तर हे सगळ्यांना मिळून उत्तर.

पालिकेत घाला, पण पैसे भरायच्या आधी एक दिवस जाऊन बॅच चालू असताना अर्धा तास गॅलरीत उभं राहून बघा. काय बघायचं ते सांगते.

आमच्याकडे 30 दिवसांची बॅच, रोज 45 मिनिटं, यंदा फी 1200 रुपये. क्लबवाले याच्या चौपट सहज घेतात. टँक 25 मीटर, उथळ बाजूला साडेतीन फूट आणि खोल बाजूला 9 फूट, मधे दोरी. डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते खरंच तपासून आणा, नुसता शिक्का मारून नको, दमा किंवा फिट येत असेल तर आम्हाला पहिल्या दिवशी सांगा, लपवू नका प्लीज.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. गेटमधून आत आल्या आल्या नाकात जो वास जातो तो आला की लोक म्हणतात बापरे केवढं क्लोरीन टाकलंय. तसं नसतं. तो वास क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे तयार होतं त्याचा असतो, डोळे पण त्यानेच चुरचुरतात, म्हणजे वास जास्त येत असेल तर पाण्यात घाण जास्त पडलीये आणि तिला पुरेल एवढं क्लोरीन कमी पडलंय असं समजा. म्हणून आम्ही पोहायच्या आधी शॉवर घ्या म्हणून मागे लागतो, आणि लोक टॉवेल खुंटीला टाकून सरळ उडी मारतात. आमचे पंपावरचे दादा रोज सकाळी नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात, पिवळा रंग किती चढतो ते पट्टीशी जुळवून बघतात आणि वहीत लिहितात, ती वही कुणीही मागितली तरी दाखवतात. तुम्ही पण मागा. वही नसेल तर सोपी खूण आहे, 9 फुटी बाजूला काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघायचं, दिसत नसेल तर त्या दिवशी उतरू नका आणि पोराला तर अजिबात उतरवू नका, कारण तळाला गेलेलं माणूस पण दिसणार नाही. आमचं पाणी एप्रिलमध्ये छान असतं, मेच्या तिसऱ्या आठवड्यात गर्दीमुळे हिरवट होतं, हे खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. बॅचमध्ये पोरं किती आणि शिकवणारे किती. आमच्याकडे कागदावर 60 पोरांना 4 जण आहेत. मे महिन्यात प्रत्यक्षात कधी 3 कधी 2, कारण मानधन दोन-दोन महिने थकतं, माणसं सोडून जातात आणि नवीन भरती जूनच्या पुढेच होते, तोवर सीझन संपलेला असतो. माझ्या मते अगदी नवीन पोरं असतील तर एकाकडे 8-10 च्या वर नसावीत.

मागच्या मे मधलं सांगते. साडेसातची बॅच, दुसरे सर रजेवर, जीवरक्षकाला गेटवर पास बघायला बसवलेलं, तिथे माणूस नव्हता म्हणून. माझ्याकडे 20 पोरं, सगळ्यांना भिंत धरून किक मारायला लावलेलं. मला दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची सवय आहे, तोंडाने सूचना चालू असतात आणि मनात आकडे. 19 आली. परत मोजली, 19. निळ्या टोपीचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दोरी धरून सरकत सरकत पलीकडे गेला होता आणि त्याचा हात सुटला होता. डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या बरोबर लेव्हलला, आत-बाहेर आत-बाहेर, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत होता आणि आवाज काहीच नाही. त्याची आई दहा फुटांवर काठावर मोबाईलने शूटिंग करत होती, तिला वाटलं आला की याला तरंगायला. मी शिट्टी तोंडात असतानाच उडी टाकली, काखेत हात घालून मागून धरला आणि भिंतीला आणला. खोकला, भरपूर पाणी ओकला आणि मग मोठ्याने रडायला लागला, ते रडणं ऐकून माझे पाय लटपटायला लागले. त्यांना तसंच डॉक्टरकडे पाठवलं, कारण पाणी छातीत गेलं असेल तर त्रास नंतर पण होऊ शकतो. पोरगा बरा आहे, चार दिवसांनी परत आला.

हे एवढं लिहिलं कारण लोकांना वाटतं बुडणारा माणूस हात वर करून वाचवा वाचवा ओरडतो. नाही ओरडत, तोंड बाहेर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरतच नाही, आणि हे सगळं 20 ते 60 सेकंदांत संपतं. म्हणून गॅलरीतून बघताना काठावर कोरडा उभा असलेला, हातात फोन नसलेला आणि फक्त पाण्याकडे बघणारा एक तरी माणूस आहे का ते शोधा. तो नसेल तर ऑफिसमध्ये जाऊन विचारा. आम्ही विचारलं तर कुणी ऐकत नाही, पण पालकांनी लेखी दिलं तेव्हा आमच्याकडे गेटला वेगळा माणूस आला आणि जीवरक्षक परत काठावर आला, हे या वर्षी झालंय.

शिकवणं कसं आहे म्हणाल तर चांगलं आहे, आमचे जुने सर फार जीव लावून शिकवतात. पहिला आठवडा हातच मारायला देत नाही आम्ही. पाण्यात तोंड घालून फुगे सोडणं, श्वास धरणं, उताणं-पालथं तरंगणं, भिंतीला लाथ मारून सरळ सरकणं एवढंच. पालकांना हे पटत नाही, पाचव्या दिवशी विचारतात अजून लेंथ, म्हणजे टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणं, का नाही. माझे वडील विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले, कुणी वाळका भोपळा बांधायचं, आणि रोज डबा थोडा वर सरकवून शेवटी काढून घ्यायचे, त्यात पण आधी तरंगणंच होतं. हवा भरायच्या दंडातल्या फुग्यांना मात्र माझा विरोध आहे, त्याने पोरगं पाण्यात उभंच राहायला शिकतं आणि काढले की तसंच उभं खाली जातं. किकबोर्ड, म्हणजे पाय मारताना हातात धरायची तरंगती फळी, आमच्याकडे 60 पोरांत 14, त्यातले निम्मे कोपरे तुटलेले, जमलं तर घरून आणा.

दुपारची बायकांची बॅच मला सगळ्यात आवडते. यंदा एक काकू आल्या, पन्नाशी पार केलेल्या, लहानपणी गावच्या विहिरीत ढकलून दिलेलं तेव्हापासून पाण्याची भीती बसलेली. पहिले सहा दिवस शिडीचा दांडा सोडला नाही, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलेला. मी त्यांच्या डोक्याखाली तळहात ठेवून रोज एवढंच म्हणायचे, कान पाण्यात जाऊ द्या काकू, वर बघा. अकराव्या दिवशी कान पाण्यात गेले, मान सैल पडली, पोट वर आलं, आणि मी हात काढून घेतलेला त्यांना कळलाच नाही. दहा-बारा सेकंद होत्या तशा. मग उठून मला म्हणाल्या, अगं बाई, आतून सगळं शांत ऐकू येतं.

अशा बायका येतात आणि त्यांच्या चेंजिंग रूमला तीन कड्यांपैकी एकच लागते, एक दिवा बंद आणि फरशी शेवाळलेली. हे सुधारायला लाखो रुपये लागत नाहीत, तीन वर्षं सांगतेय. दुसरं म्हणजे पाण्यात उतरायला फक्त उभी शिडी, रॅम्प नाही की हाताला धरायचा रुंद जिना नाही. गुडघ्याचे पेशंट, पायाने अधू मुलं दारातून परत जातात. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, त्यांनी उपचार म्हणून पोहायला सुरुवात केली आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड आणलं. त्याच मातीत आमच्या टँकला रॅम्प नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिकवणं 5 पैकी साडेचार, पाणी साडेतीन, चेंजिंग रूम दीड, सुरक्षेला मागच्या वर्षी 2 दिले असते, यंदा साडेतीन देते.

फॉर्म 25 मार्चच्या आसपास मिळायला लागतात, साडेसातच्या बॅचची रांग पहाटेच लागते, 6 च्या बॅचला गर्दी कमी आणि पाणी पण जास्त स्वच्छ. कॉस्च्युम नायलॉनचा घ्या, कॉटनचा टीशर्ट घालून पाठवू नका, भिजला की जड होतो. टोपी भडक रंगाची घ्या, केशरी किंवा पोपटी. निळी नको, पाण्यात दिसत नाही.