साकामोतोंवरचे चार चित्रपट: आधी कोणता बघायचा?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाला ऑर्गन, की-बोर्ड नाहीतर ऑक्टापॅड वाजवणारे बरेच जण र्‍युइची साकामोतो या जपानी संगीतकाराचं नाव कधी ना कधी ऐकतात आणि मग विचारतात, यांच्यावरचा चित्रपट बघायचा तर कोणता? पर्याय मुख्यतः चार आहेत. 'टोकियो मेलडी' आणि 'कोडा' हे दोन माहितीपट, आणि 'ओपस' व न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीमधला 'एसिंक' या दोन चित्रित मैफिली. कुणालाही विचारा, 'ओपस' सांगतील. चित्रपट म्हणून तो थोर आहे, यात शंकाच नाही. पण गावात राहून, वाद्य हाताळत ज्याला हा माणूस समजून घ्यायचा आहे, त्याने सुरुवात 'कोडा'पासून करावी असं माझं ठाम मत आहे. 'ओपस' दुसरा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. साकामोतो 1952 साली टोकियोत जन्मले. 1978 मध्ये हारुओमी होसोनो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्यासोबत त्यांनी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सिंथेसायझर व कॉम्प्युटरवर बांधलेलं पॉप संगीत जपानभर गाजवलं. आज आपल्याकडे मंडपात जो ऑक्टापॅड दिसतो तो बनवणाऱ्या रोलंड कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र 1980 मध्ये आलं, आणि ते अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांत हेच तिघे होते. पुढे साकामोतो चित्रपटांच्या संगीताकडे वळले. 'द लास्ट एम्परर'साठी त्यांना डेव्हिड बर्न आणि काँग सू यांच्यासह ऑस्कर मिळालं. 28 मार्च 2023 रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

'टोकियो मेलडी' हा फ्रान्ससाठी एलिझाबेथ लेनार्ड यांनी केलेला जेमतेम तासाभराचा माहितीपट. चित्रण 1984 चं, पडद्यावर आला 1985 मध्ये. यात साकामोतो तिशीतले आहेत, नव्या अल्बमच्या कामात बुडालेले. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे फेअरलाइट. हे ऑस्ट्रेलियात बनलेलं यंत्र बाहेरचा आवाज टिपून घ्यायचं आणि तोच आवाज सुरांच्या पट्ट्यांवर वाजवू द्यायचं. आपल्याकडचा की-बोर्डवाला पेन ड्राइव्हमधून शहनाईचा, ढोलकीचा टोन भरतो आणि एकटाच अख्खा ताफा वाजवतो, त्या पद्धतीचं मूळ या पिढीच्या यंत्रांत आहे. ज्याचा जीव टोन आणि पॅचमध्ये अडकलेला आहे त्याला हा चित्रपट सगळ्यात जवळचा वाटेल. बाकीच्यांना तो थोडा विस्कळीत वाटतो. टोकियोचे रस्ते, दुकानं, जाहिराती यांच्यातच कॅमेरा बराच वेळ रमतो. तरी एक प्रसंग चुकवू नका. घरात पियानोवर साकामोतो आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी आकिको यानो दोघं मिळून 'तोंग पू' वाजवतात. ऑर्केस्ट्राच्या पहिल्याच अल्बममधली ही रचना. चार हात, भरधाव लय, आणि दोघांच्या वाजवण्यातली मस्ती. ही रचना डोक्यात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता 'कोडा'. दिग्दर्शक स्टीफन नोमुरा शिबले यांनी 2012 मध्ये चित्रण सुरू केलं तेव्हा फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर रस्त्यावर उतरलेला कलावंत हा त्यांचा विषय होता. 2014 मध्ये साकामोतोंना घशाचा कर्करोग झाला आणि चित्रपटाची दिशाच बदलली. 2017 मध्ये तो पूर्ण होऊन आला तेव्हा त्यात आंदोलन होतं, आजारपण होतं, जुन्या मैफिली होत्या, पण या सगळ्याच्या मुळाशी आवाज शोधणारा एक माणूस होता. चारही चित्रपटांत फक्त इथेच आपल्याला कळतं की ते ऐकतात कसे.

सुनामीत बुडालेल्या पियानोपाशी कॅमेरा जातो तो प्रसंग बघा. 11 मार्च 2011 च्या सुनामीत मियागी प्रांतातल्या एका शेतकी शाळेतला पियानो पाण्याखाली गेला होता. साकामोतो त्याच्या पट्ट्या दाबतात. काही दबतच नाहीत, काहींचा सूर भलताच लागतो. ते घाई करत नाहीत. एकेक पट्टी दाबून थांबतात, कान देतात. सुरुवातीला त्यांना तो पियानोचा मृतदेह वाटतो. पुढे त्यांचा विचार पालटतो. पियानो म्हणजे लाकूड वाकवून, तारा प्रचंड ताणून माणसाने निसर्गाला जबरदस्तीने दिलेला आकार. आपण ज्याला बेसूर म्हणतो ते खरं तर त्या लाकडाचं आणि तारांचं मूळ स्थितीकडे परतणं असेल, असं ते म्हणू लागतात. त्याच पियानोचे आवाज त्यांनी 'एसिंक' या अल्बममध्ये घेतले. 2020 च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेचा पूर घरात शिरल्यावर ज्यांनी भजनी मंडळाची पेटी उन्हात वाळत घातली, फुगलेला भाता आणि चिकटलेल्या पट्ट्या हाताने चाचपल्या, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. इंग्रजी सबटायटल वाचता आली नाहीत तरी चालेल.

दुसरा प्रसंग पावसाचा. पाऊस पडतोय आणि साकामोतो डोक्यावर बकेट पालथी घालून त्यात उभे आहेत, थेंबांचा आवाज ऐकत. न्यूयॉर्कमधलं त्यांचं घर आहे ते. रोवणीच्या दिवसांत टिनाखाली नि कवेलूखाली पाऊस वेगवेगळा वाजतो, हे आपल्या लेकरांनाही माहीत असतं. पण तो फरक संगीताच्या कामाचा आहे असं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'कोडा' ते शिकवतो. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात वितळत्या बर्फाच्या पाण्यात माईक सोडून बसलेले साकामोतो तर गळ टाकून बसलेल्या ढिवरासारखेच दिसतात; ते स्वतःही याला आवाजाची मासेमारीच म्हणतात.

आणि तिसरी गोष्ट, जी पेटीवाल्यांनी कान देऊन ऐकावी. पियानोचा सूर वाजवला की लगेच विरायला लागतो. न विरणारा, सतत चालणारा सूर हवा ही साकामोतोंची आस चित्रपटात बोलून दाखवलेली आहे. आपली पेटी आणि ऑर्गन नेमकं तेच करतात: भाता चालू आहे तोवर सूर उभा. साकामोतो ज्यासाठी झुरतात ते आपल्या हाताला रोजचं आहे, आणि पियानोचं ते विरणं आपल्याला अनोळखी आहे. म्हणूनच 'कोडा' आधी बघितला की 'ओपस' वेगळाच ऐकू येतो.

'ओपस'ची गोष्ट साधी आहे. सप्टेंबर 2022. एनएचके या जपानच्या प्रसारण संस्थेचा टोकियोतला 509 क्रमांकाचा स्टुडिओ. एक ग्रँड पियानो, साकामोतो, आणि वीस रचना. श्रोते नाहीत, निवेदन नाही, मुलाखत नाही. चित्र काळं-पांढरं. दिग्दर्शक त्यांचा मुलगा, निओ सोरा. सलग मैफील झेपण्याजोगी प्रकृती उरली नव्हती, म्हणून रोज थोड्या थोड्या रचना टिपल्या. पण प्रकाशयोजना अशी की एकच दिवस उजाडून मावळतोय असं वाटावं. पावणेदोन तासांच्या आसपास हे चालतं, आणि या वेळात ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. एका ठिकाणी हात अडखळतो, ते पुन्हा प्रयत्न करतात, थकल्याचं सांगतात, थोडं थांबू म्हणतात. ते कापलेलं नाही. कापलं नाही हे फार बरं झालं.

इथे 'तोंग पू' परत येते. 1984 मध्ये चार हातांनी पळवलेली ती रचना आता दोन हातांनी, अतिशय संथ. सुरांमध्ये एवढी जागा सोडलेली की प्रत्येक सूर विरून संपेपर्यंत आपण त्याच्यासोबत राहतो. पेडलचा आवाज, श्वास, खुर्चीची हालचाल, सगळं ऐकू येतं. दोन्ही चित्रपटांतले हे दोन तुकडे एकामागून एक बघितले तर माणसाच्या अख्ख्या आयुष्यात लय कशी बदलते ते कळतं. 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' या चित्रपटाला त्यांनी दिलेल्या संगीताचंही तसंच. 'कोडा'त रिकुझेनताकाताच्या एका इमारतीत, जिथे सुनामीनंतर लोक आश्रयाला होते, ते व्हायोलिन आणि चेलोच्या साथीने गारठलेल्या श्रोत्यांपुढे ही धून वाजवतात; 'ओपस'मध्ये एकटेच. मला रिकुझेनताकाताचं जास्त भिडलं. समोर माणसं बसली आहेत, त्यांनी काय काय गमावलंय ते वाजवणाऱ्याला माहीत आहे, आणि ते सगळं त्या वाजवण्यात उतरतं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेच्या रात्री ज्यांनी हजारो माणसांपुढे साथ केली आहे त्यांना हा फरक जाणवेलच.

आर्मरीतला 'एसिंक' मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो. दिग्दर्शक शिबलेच. 2017 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला, मोजक्या श्रोत्यांना भोवती बसवून साकामोतोंनी हा अल्बम प्रत्यक्ष सादर केला. पियानो आहे, सिंथेसायझर आहे, काचेच्या तावदानातूनही आवाज काढले आहेत. तासाभराचा आहे. पण 'कोडा' न बघता बघितला तर काचेवर हा माणूस काय घासतोय आणि का, असं वाटून लोक उठून जातील. 'कोडा'नंतर बघितला तर ते आवाज कुठून आले ते ओळखता येतात, तेव्हा तो हवाच. नाचायला लावणारा, तरुणपणीच्या ऑर्केस्ट्राचा साकामोतो हवा असेल तर मात्र या चारांत फारसं हाती लागणार नाही. डीजे आणि धुमाळ गाजवणाऱ्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर विरस होतो.

भाषेचाही विचार करावा लागेल. 'ओपस' आणि आर्मरीचा 'एसिंक' यांना सबटायटलची गरज जवळजवळ नाही, म्हणून आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसता येतं. दोन्ही माहितीपटांत बोलणं बरंच आहे. 'कोडा' गावात दाखवायचा तर कुणीतरी शेजारी बसून मध्ये मध्ये मराठीत सांगायला हवं. वाचनालयाच्या खोलीत पंधरावीस जणांत हे जमतं, चावडीवर जमत नाही.

त्याहून मोठा प्रश्न आवाजाचा. 'ओपस' मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून पियानोचे खालचे सूर निघतच नाहीत, आणि पंखा चालू असेल तर विरणारा सूर पंख्यातच जातो. चांगले हेडफोन, नाहीतर साउंडवाल्याचा एखादा बरा स्पीकर कमी आवाजात, बंद खोलीत, पंखा बंद करता येईल अशा थंडीच्या रात्री. पण थंडीत अडचण अशी की दिवाळीनंतरच्या मंडईपासून शिमग्यापर्यंत झाडीपट्टीचा वाजवणारा घरी नसतोच. नाटक मंडळ्यांचं ठाणं असलेलं वडसा सोडलं की पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. हाताशी मोकळ्या रात्री येतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हा टिनावरचा पाऊस 'ओपस'ला पुरता गिळतो. 'कोडा'चं तसं नाही. त्यातला पाऊस नि बाहेरचा पाऊस एकमेकांत मिसळले तरी काही बिघडत नाही, उलट तो प्रसंग अधिक खुलतो. मध्येच लाइन गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. 'ओपस' तुटला की तुटला. म्हणून आषाढ-श्रावणात 'कोडा', आणि हंगामात दोन नाटकांच्या मध्ये एखादी रात्र मोकळी मिळाली तर 'ओपस'.

शाळेत दाखवायचं असेल तर चारांतला एकही अख्खा दाखवू नका, पोरं कंटाळतात आणि मग संगीताचं नाव काढलं तरी पळतात. 'कोडा'तले तीन तुकडे पुरेत: बुडालेला पियानो, बकेट आणि बर्फातला माईक. त्यानंतर एकेका पोराच्या हातात रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाइल द्या आणि बोअरवेल, पिठाची गिरणी, धानाची मळणी, जे सापडेल ते टिपून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी ते सगळं एकामागून एक वाजवून ऐका, आणि 'टोकियो मेलडी'तला फेअरलाइटचा भाग त्यानंतरच लावा.