"हात लावा, गारच आहे": फ्लडलाइट घेणाऱ्यांनो, सावध!

आमच्या गावात उन्हाळ्यात रात्रीचे टेनिस बॉलचे सामने होतात. त्यासाठी मंडळाने यंदा 200 वॅटचे म्हणून एलईडी फ्लडलाइट घेतले. दुकानात लावून दाखवले तेव्हा डोळे दिपले. मोबाइलवर उजेडाचा आकडाही दाखवला. वर दुकानदार म्हणाला, "मागे हात लावा साहेब, गारच आहे. आपला माल तापत नाही."

सगळी मेख या वाक्यात आहे. एलईडीला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त विजेची उष्णताच होते. ती उजेड देणाऱ्या चिपमधून मागच्या प्लेटमध्ये, तिथून बॉडीत आणि मग हवेत जायला हवी. म्हणजे चांगल्या दिव्याची पाठ तापलीच पाहिजे! गार असेल तर दिवा नुकताच लावलाय, किंवा लिहिलेत तेवढे वॅट तो घेतच नाही, नाहीतर उष्णता आत चिपपाशीच कोंडलीय.

सामन्याची सुरुवात झकास झाली. पहिला डाव संपता संपता बाउंड्रीवरची पोरं ओरडायला लागली, बॉल दिसत नाही. वायरमनने व्होल्टेज तपासलं, ठीक होतं. मग दिवा किती वीज घेतो ते दाखवणारा वॉटमीटर लावला. गार दिवा 190 वॅट घेत होता, तोच तापल्यावर 130 च्याही खाली.

एक उघडला. चिपची प्लेट चारऐवजी दोनच स्क्रूंवर, मधून फुगलेली. खाली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बॉडीत पोचवणारा लेप, वाटाण्याएवढी. वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला नेमका करंट पुरवणारा डबा, नाहीच. प्लेटवरच्या छोट्या आयसी तापल्या की स्वतःला वाचवायला करंट कमी करतात. त्यामुळे दिवा जळत नाही, गुपचूप मंदावतो.

थोडा उजेड कुठलाही एलईडी तापल्यावर गमावतोच. कंपन्या चिपचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, बरेचदा 25 अंशांना, क्षणभर करंट देऊन मोजतात. चिप 100 अंशांवर गेली की पांढरा एलईडी साधारण दहा-पंधरा टक्के उतरतो, त्यात लबाडी नाही. इथे वीजच तिसरा हिस्सा कमी झाली.

घेताना दिवा दुकानातच अर्धा तास लावून ठेवायला सांगा आणि वॉटमीटर सुरुवातीला व शेवटी बघा. दुकानदार खळखळ करेल, करू दे. वजनही हातात घेऊन बघा, आमचे पत्र्यासारखे हलके होते.

आता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदाराचा एकच हेका: "दिवा लागतोय ना? मग वॉरंटी कसली मागता?"