डेंग्यूची बैठक: भिंतीवर नकाशा लावावा की आलेख?

“गावच्या आरोग्य समितीत काय दाखवू, ठिपक्यांचा नकाशा की आठवडावार आलेख?” एका आशाताईंनी विचारलं.

मेहनतीत आलेख सोपा. ताप सुरू झाल्याच्या तारखा मोजा, चौकटीच्या कागदावर खांब काढा. नकाशावर प्रत्येक रुग्णामागे एक ठिपका, म्हणून घरोघर फिरावं लागतं.

समजायला मात्र नकाशाच सरस. लोक आधी आपलं घर शोधतात, मग बोलू लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार दूर उडत नाही, त्यामुळे ठिपक्यांची दाटी पाहून कुठल्या आळीतली पिंपं आधी रिकामी करायची ते ठरतं. पण जिथे वस्ती दाट तिथे ठिपकेही जास्तच, हे विसरू नका. शिवाय रुग्णाचं घर चव्हाट्यावर येतं. ठिपका आळीवर ठेवा, दारावर नको.

साथ चढतेय की उतरतेय, हे तारखाच सांगतात. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरच्या सांगण्यावरून लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाचा दांडा काढला, तेव्हा कॉलरा आधीच ओसरू लागला होता. (कॉलराचे बळी कुठे पडले ते दाखवणारा त्याचा प्रसिद्ध नकाशा तर नंतर छापला गेला!) आलेखातला शेवटचा खांब बुटका दिसतो, कारण अहवाल उशिरा येतात. त्यावर भाळून मोहीम थांबवू नका.

आधी कुठे जायचं हा प्रश्न असेल तर नकाशा; मोहीम वाढवायची की आवरायची, यासाठी आलेख.