स्लीपिंग बॅग, चार महिने, नऊ रात्री: थंडीने नाही, चेनने छळलं

आधीच सांगतो, बॅग गरम आहे. माझं भांडण तिच्या चेनशी आहे.

नोव्हेंबरात सेलमध्ये २,८५० ला घेतली. दीड किलो, आत हॉलोफायबर (पोकळ कृत्रिम तंतूंचं भरण), पिशवीवर मोठ्या अक्षरात ० अंश. आईने बघितल्या बघितल्या विचारलं, "घरात तीन गोधड्या आहेत, त्यांना काय झालं?" गोधडी पाठीवर घेऊन कात्राबाईची खिंड चढून बघ म्हणावं, पण बोललो नाही.

डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड असा डोंगररांगेचा ट्रेक केला. पहिली रात्र रतनवाडीत, मस्त. दुसरी कुमशेतला, ओढ्याजवळच्या कापणी झालेल्या भातखाचरात. पहाटे तीनला लघवीला उठलो तर चेनच्या रनरने, म्हणजे ओढायच्या सरकत्या तुकड्याने, आतलं अस्तर चावलेलं. ना वर, ना खाली. बोटं बधिर, हेडटॉर्च तोंडात. शेवटी पोत्याच्या शर्यतीतल्यासारखा उड्या मारत तंबूबाहेर गेलो. मित्र अजून ती नक्कल करून दाखवतो. ओढाताणीत अस्तर बोटभर फाटलं ते वेगळंच.

सकाळी बघतो तर बॅग पायाशी आणि तोंडाशी ओलीचिंब. म्हटलं, कापडच भिकार आहे. फोनला रेंज आल्या आल्या कंपनीला तक्रार ठोकली. बिल पाठवा, फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, आणि आठ दिवसांनी उत्तर: वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. दोन रात्रींत झीज! दुरुस्तीला पाठवायची तर जाण्यायेण्याचं कुरिअर आपल्या खिशातून. ३८० रुपये. तेव्हा एकच तारा देणार होतो.

पण ओलीबद्दलचं बोलणं मागे घेतो. तिसऱ्या रात्री हरिश्चंद्रगडावर वारा नुसता घोंगावत होता, तरी बॅग कोरडी. सॅकला लटकवलेल्या थर्मामीटरवर पहाटे ११ अंश. कुमशेतला ६ होते. गड १,४२४ मीटर, कुमशेत त्याच्या बरंच खाली. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंश उतरतं हे गणित निरभ्र, निवांत रात्री उलटतं: थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत दरीत साचते. आम्ही नेमके त्या खड्ड्यात, उघड्या आभाळाखाली. तंबूचं कापड गार पडलं, झरोके आम्हीच बंद केलेले, दोघांच्या श्वासाची वाफ आतून ठिबकली. त्यात मी तोंड बॅगेत खुपसून झोपलेलो. जानेवारीत आंब्याखाली, झरोका उघडा ठेवून तंबू लावला. टिपूसही नाही.

आता त्या शून्याबद्दल. आतल्या लेबलवर बारीक अक्षरात कम्फर्ट ५, लिमिट ०. आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत कम्फर्ट, म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, धरतात सरासरी बाईसाठी, लिमिट अंग मुडपून झोपलेल्या सरासरी पुरुषासाठी, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल एवढंच. तेही खाली मॅट आणि अंगात थर्मल धरून. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंश नोंदलं गेलं, ते अजून मुंबईचं नीचांकी. म्हणजे त्या रात्री कुमशेतला मी त्याच्याही खाली झोपलो होतो. तरी पाय गार पडले नाहीत, हे कबूल.

चेन शेवटी दादरला फुटपाथवरच्या चेनवाल्याकडे नेली. त्याने बॅग उलटी करून बघितली, रनर बदलला आणि न सांगता चेनच्या आतून नायलॉनची कडक पट्टी शिवली, अस्तर मध्ये येऊ नये म्हणून. साठ रुपये. त्यानंतरच्या चार रात्रींत एकदाही अडकली नाही. रनर पितळी आहे, बॅग निळी. दिसायला भयाण.

बॅगेला तीन तारे. घ्यायचीच असेल तर दुकानात आडवे व्हा, डोळे मिटा आणि डाव्या हाताने आतून दहा वेळा चेन लावा-काढा. सेल्समन हसेल. हसू दे.